किल्लारीचा तळ, देगलूरचा माळ

लातूर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी विहीर खणताना क्रम ठरलेला असतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. हे सांगायला भूशास्त्रज्ञ लागत नाही, गावातला कोणताही विहीर खोदणारा सांगेल. नांदेडहून नायगाव, नरसी मागे टाकून देगलूर-बिलोलीच्या भागात शिरलात की मात्र हा क्रम मोडतो. तिथे काळ्याऐवजी करड्या रंगाचा, कुठे गुलाबी झाक असलेला आणि उन्हात चमचमणारा दगड भेटू लागतो. माळावर मोठमोठे गोलसर धोंडे दिसतात. जिल्हे शेजारचे, पण या दोन दगडांच्या वयात दोनशे कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे.

हा बदल कुठे होतो ते पाहायचे तर पूर्वी सरकारी कार्यालयातून भूशास्त्रीय नकाशा मिळवावा लागे. तो मिळाला तरी आपण नकाशावर नेमके कुठे उभे आहोत हे हुडकण्यात अर्धा दिवस जाई. आता दोन्ही गोष्टी फोनवर होतात. नकाशा पडद्यावर उघडतो आणि आपली जागा दाखवणारा निळा ठिपका त्यावर आपोआप उमटतो. सोय मोठी आहे. पण या सोयीमुळेच एक गैरसमजही पसरतो आहे की, फोन जमिनीखालचे सगळे सांगतो. तो काय सांगतो आणि काय सांगूच शकत नाही, हे समजून घ्यायला लातूर-नांदेडइतकी चांगली जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

पडद्यावर काय दिसते?

या कामासाठी दोन साधने पुरेशी आहेत. पहिले 'रॉक्ड' नावाचे अ‍ॅप. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील 'मॅक्रोस्ट्रॅट' या प्रकल्पातून ते तयार झाले आणि ते मोफत आहे. जगभरच्या वेगवेगळ्या भूशास्त्रीय नकाशांची माहिती एकत्र जुळवून ते आपल्या जागेखाली कोणता खडक असावा, त्याचे वय काय, हे सांगते. आपण उभे आहोत तो भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पाठीवर कुठे होता, हेही ते दाखवते. लातूरमध्ये बसून ६.६ कोटी वर्षे मागे गेलात, तर भारताचा तुकडा आशियापासून तुटलेला आणि दख्खनचा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला दिसेल. मुलांना दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे.

दुसरे साधन आपल्या घरचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून देशाचे खडक नोंदवत आली आहे. तिचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर पाहता येतात आणि ते फोनच्या ब्राउझरमध्येही उघडते. तिथे खडकांचे प्रकार, जमिनीवरच्या लांबलचक भेगांच्या रेषा, खनिजे असे वेगवेगळे थर चालू-बंद करता येतात. रॉक्डमध्ये भारताचे चित्र ठोकळ आहे, भूकोशात ते बारीक आहे. म्हणून ओळख करून घ्यायला रॉक्ड आणि खातरजमा करायला भूकोश, असा क्रम ठेवावा.

भूकोशात लातूर शोधा. जवळजवळ सगळा जिल्हा एकाच खडकाचा दिसेल, बेसाल्टचा. कुठे उंच माथ्यांवर जांभ्याचे तुकडे आणि नद्यांच्या काठाने गाळाच्या पट्ट्या, एवढाच फरक. जांभा म्हटले की आपल्याला कोकण आठवते, पण बिदरचे पठार जांभ्याचेच आहे आणि तो सीमेलगतच्या लातूर जिल्ह्यातही दिसतो. मग नकाशा पूर्वेकडे सरकवा. नांदेड शहर ओलांडेपर्यंत रंग तोच राहतो. पण देगलूर, बिलोली आणि उत्तरेकडे किनवट या तालुक्यांच्या काही भागांत रंग बदलतो आणि नोंद येते ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांची. तेलंगणाच्या दिशेने हाच खडक पुढे पसरत जातो.

या दोन रंगांमधली सीमा म्हणजे दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची किनार. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टखाली आहे, त्यामुळे राज्यातल्या बहुतेकांना ही किनार पाहायला मिळतच नाही. नांदेडकरांना ती घरच्या अंगणात मिळाली आहे.

काळ्या कातळाचा जन्म

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि दूरवर पसरत गेला. हा उद्रेक एकदाच झाला नाही. लाव्हाचा एक थर थंड व्हायचा, काही काळ जायचा, मग दुसरा थर त्याच्यावर यायचा. असे थरावर थर साचत गेले. आज उरलेला बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते आणि नांदेडच्या पूर्व भागात संपते.

प्रत्येक थराची रचना साधारण सारखी असते. खालचा आणि मधला भाग घट्ट, काळा, जड. वरचा भाग भोकाभोकांचा, कारण लाव्हातले वायू वर येऊन तिथे अडकले. पुढे या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि पांढरी खनिजे साचली. विहिरीच्या उपशात पांढरे ठिपके असलेला, जरा ठिसूळ दगड निघतो तो हाच. अनेक भागांत विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थरावर माती तयार झाली, तिच्यावर नवा तापलेला लाव्हा आला आणि ती भाजून लाल झाली. रस्ता रुंद करताना कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची आडवी पट्टी दिसली, तर ती त्या जुन्या मातीची समजावी. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच थरांवरून जातो. घाटवळणाच्या, चढउताराच्या भागांत कापलेल्या बाजूंकडे लक्ष ठेवले तर घट्ट आणि सच्छिद्र थर एकमेकांवर रचलेले ओळखता येतात.

आपली काळी माती याच बेसाल्टच्या झिजण्यातून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून रानाला हातभर भेगा पडतात. ग्रॅनाइटच्या भागात माती वेगळी असते, हलकी, रेताड आणि कुठे तांबूस. कारण ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे कण असतात. ते झिजत नाहीत, वाळू होऊन मागे राहतात. बेसाल्टमध्ये मुळात क्वार्ट्झ जवळपास नसतो. फोनवरचा रंग बदलला की पायाखालची मातीही बदलते का, हे पाहणे ही नकाशा तपासण्याची पहिली आणि सगळ्यात सोपी कसोटी आहे.

नकाशाने न दाखवलेली गोष्ट

आता पुन्हा लातूर जिल्ह्याकडे वळू. भूकोशात औसा तालुक्यातले किल्लारी शोधले तर तिथेही तोच बेसाल्टचा रंग आहे. शेजारच्या शंभर गावांखाली जो खडक, तोच किल्लारीखाली. नकाशात या गावाचे वेगळेपण सांगणारे काहीही नाही.

पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी याच परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. घरांच्या भिंती जाडजूड होत्या, पण त्या काळ्या दगडांच्या आणि मातीत रचलेल्या, वर मातीचे जड माळवद. भूकंपाचे केंद्र उथळ होते, त्यामुळे हादरा जोरदार बसला आणि दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. उन्हात गारवा देणारे हेच बांधकाम त्या पहाटे जीवघेणे ठरले.

देशाच्या भूकंप-क्षेत्रांच्या त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार म्हणजे भक्कम आणि स्थिर भूमी, असे मानले जाई. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी भागात लहान धक्के जाणवले होते, पण त्यांचा अर्थ तेव्हा कळला नाही. पुढे २००२ मध्ये भारतीय मानकाच्या सुधारित आवृत्तीतून पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात आले.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुरुवातीचे ३३८ मीटर बेसाल्ट निघाला. त्याखाली सुमारे ८ मीटरचा गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची तिथली जमीन. आणि त्याखाली लागला तो जुना, स्फटिकमय खडक, ज्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास आहे. भूकंप घडवणारी हालचाल या जुन्या खडकात, कित्येक किलोमीटर खोल झाली होती. वरच्या बेसाल्टने ती झाकून ठेवली होती. म्हणून जमिनीवर फिरून, दगड पाहून केलेल्या कोणत्याही नकाशात ती दिसणे शक्य नव्हते.

भूशास्त्रीय नकाशा जमिनीलगतचा खडक दाखवतो. त्या खडकाखाली काय आहे, ते दाखवणे हे त्याचे कामच नाही. अ‍ॅपवर 'बेसाल्ट' वाचून 'आपल्याखाली भक्कम कातळ आहे' असा निष्कर्ष काढणारा माणूस १९९३ पूर्वीचीच चूक पुन्हा करत असतो.

तोच तळ, पण हाताला लागणारा

किल्लारीत ३४६ मीटर खोल गेल्यावर जो जुना पाया लागला, त्याच प्राचीन पायाचा भाग देगलूर-बिलोलीच्या माळांवर उघडा पडला आहे. किल्लारी ते देगलूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १२० किलोमीटर. एका टोकाला हजार फुटांहून जास्त खोल छिद्र घ्यावे लागले आणि दुसऱ्या टोकाला वाकून दगड उचलला की झाले. दोन्ही ठिकाणचा खडक तंतोतंत एक नाही, कारण हा पाया निरनिराळ्या प्रकारच्या खडकांचा बनलेला आहे. पण काळ्या कातळाखाली कशा जातीचा दगड आहे, हे लातूरच्या विद्यार्थ्याला पाहायचे असेल तर त्याने देगलूरची एसटी पकडावी.

तिथे गेल्यावर एक दगड हातात घ्या आणि फोन थोडा वेळ बाजूला ठेवा. बेसाल्टचे कण इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, कारण लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला. ग्रॅनाइट खोलवर, फार सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे कण मोठे आहेत आणि एकेक ओळखता येतो. काचेसारखा, धुरकट दिसणारा कण क्वार्ट्झचा. त्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही. पांढरा किंवा गुलाबी, सपाट बाजूंचा कण फेल्स्पारचा. दगड हळूहळू फिरवला की या सपाट बाजू एकदम चमकून जातात. काळे, पापुद्र्यांचे ठिपके अभ्रकाचे, ते नखाने सुटतात. हे काळे आणि पांढरे कण आडव्या पट्ट्यांत मांडलेले दिसले तर तो नाइस, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णतेने रूप पालटलेला खडक. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात आणि कोणत्याही अ‍ॅपपेक्षा ही ओळख पक्की असते.

आता फोन पुन्हा हातात घ्या. दगडाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून जवळून फोटो काढा, म्हणजे कणांचा आकार कळेल. रॉक्डमध्ये असा फोटो, जागा आणि निरीक्षण नोंदवण्याची सोय आहे. दगडाचा फोटो पाहून नाव सांगणारी अ‍ॅपही निघाली आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. फोटोत वजन, कठीणपणा आणि तुटण्याची पद्धत येत नाही. रंगावर गेलो तर आपणही फसतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याला आपण 'काळा ग्रॅनाइट' म्हणतो, पण बाजारात त्या नावाने मिळणारा दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे जातीने बेसाल्टच्या जवळचा.

घरच्या आणखी दोन कसोट्या आहेत. दोऱ्याला बांधलेले छोटे पण जोरदार लोहचुंबक बेसाल्टजवळ नेले तर ते किंचित ओढले जाते, कारण त्यात लोहाचे खनिज असते. आणि पांढऱ्या खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बुडबुडे आले तर तो चुन्याचा, म्हणजे रानात सापडणारी चुनखडी किंवा पोकळीत साचलेले कॅल्साइट. गारगोटीवर बुडबुडे येत नाहीत. काळ्या कातळाजवळ फोनचे होकायंत्रही कधी कधी भरकटते, हे दिशा घेताना ध्यानात ठेवावे.

ठिपका अचूक, रेषा नाही

फोनवरच्या भूशास्त्रीय नकाशाची सगळ्यात मोठी फसगत प्रमाणात आहे. आपली जागा दाखवणारा निळा ठिपका मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरपर्यंत अचूक असतो. पण त्या ठिपक्याखालची खडकांची सीमा तितकी अचूक नसते. ती ज्या प्रमाणावर काढली, तेवढीच तिची अचूकता.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तपशीलवार नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे ५० मीटर. १:२,५०,००० च्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. आणि देशाच्या १:२०,००,००० प्रमाणाच्या नकाशात तोच मिलिमीटर थेट दोन किलोमीटर होतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीची पेनाची रेषा या शेवटच्या नकाशात एक किलोमीटर रुंद पट्टा झाकते. तिच्या अलीकडे-पलीकडे कोणता दगड आहे हे तो नकाशा ठामपणे सांगूच शकत नाही.

फोनवर मात्र आपण दोन बोटांनी नकाशा हवा तेवढा मोठा करतो. रेषा आपल्या बांधावरून जाताना दिसते आणि आपण म्हणतो, बांधाच्या या बाजूला बेसाल्ट, त्या बाजूला ग्रॅनाइट. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर ठिपके मोठे दिसतात, चेहऱ्याचे नवे तपशील येत नाहीत, तसेच हे आहे. त्यात ही सीमा अनेक ठिकाणी मातीखाली दडलेली असते. दोन्ही बाजूंना उघडा पडलेला दगड पाहून मधली रेषा भूशास्त्रज्ञाने अंदाजाने जोडलेली असते. चांगल्या छापील नकाशात अशी रेषा तुटक काढतात, पण अ‍ॅपमध्ये रंगाला रंग भिडतो आणि अंदाज झाकला जातो.

म्हणून अ‍ॅप पाहताना पहिला प्रश्न 'इथे कोणता खडक आहे?' हा नसून 'हा नकाशा कोणत्या प्रमाणाचा आहे?' हा असावा. किल्लारी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५६ बी या पत्रकात येते, नांदेड शहर ५६ ई मध्ये आणि देगलूर ५६ एफ मध्ये. अशा प्रत्येक पत्रकाचे १:५०,००० प्रमाणाचे सोळा लहान नकाशे होतात. आपल्या गावाचा नकाशा कोणता, हे एकदा शोधून ठेवले तर भूकोशातले चित्र त्याच्याशी ताडून पाहता येते.

पाणी कुठे लागेल?

या भागात खडकाविषयी बोलणे शेवटी पाण्यापाशीच येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ती 'जलदूत' गाडी कुणी विसरलेले नाही. त्याच वर्षी बोअर किती खोल गेले याच्या कहाण्या घरोघरी होत्या. त्यामुळे भूशास्त्राचे अ‍ॅप म्हटले की पहिला प्रश्न येतो: 'यात पाणी कुठे ते दिसते का?'

दिसत नाही. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी साठवायला जागा नसते. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरात, दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात आणि उभ्या-तिरक्या भेगांत. एका शेतात बोअरला दोन इंच पाणी आणि पन्नास पावलांवरच्या बोअरमध्ये नुसती भुकटी, हा अनुभव म्हणूनच येतो. एकाला भेग लागली, दुसऱ्याला लागली नाही. ५० मीटरची रेषा एक मिलिमीटरची करणारा नकाशा अशी हातभर रुंद भेग दाखवणार कशी? ग्रॅनाइटमध्ये तर वर झिजलेला थर आणि खाली भेगा, एवढ्यावरच भिस्त असते.

पाणाड्याने नारळ उभा राहिला म्हणून किंवा काठी वळली म्हणून जागा दाखवणे आणि कुणी फोनवर रंग पाहून जागा दाखवणे, यांत फारसा फरक नाही. विचारायचेच तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला विचारावे. तिथले भूशास्त्रज्ञ जागेवर येऊन, गरज असेल तर जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजतात आणि भेगांचा अंदाज घेतात. तोही अंदाजच, पण मोजून केलेला. आणि आणखी खोल जाण्याआधी हेही लक्षात असावे की, महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, ही खोल विहिरीची मर्यादा मानली आहे. त्याहून खोल पाण्याला वर्षानुवर्षांचा साठा म्हणतात. तो एका पावसात भरून निघत नाही.

मग नकाशाचा पाण्यासाठी उपयोग काय? तो पाण्याच्या गुणाविषयी सावध करतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असते. पाणी त्या खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिले तर ते पाण्यात उतरते. नांदेड जिल्ह्यात किनवट भागात भूजलातल्या जादा फ्लोराइडचा प्रश्न परिचयाचा आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडांनाही त्रास होतो. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. त्यामुळे अ‍ॅपवर आपल्या गावाखाली ग्रॅनाइट किंवा नाइस दिसत असेल आणि गाव बोअरचे पाणी पीत असेल, तर त्या पाण्याची प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्यावी. नकाशातून काढता येणारा हा सगळ्यात कामाचा निष्कर्ष आहे.

जमीन हलली तर

फोनचा आणखी एक उपयोग या दोन जिल्ह्यांत विसरता येत नाही. नांदेड शहरात २००६ पासून काही वर्षे जमिनीखालून गडगडाट आणि सौम्य धक्के जाणवत होते. संशोधकांनी शहरात भूकंपमापके बसवली, तेव्हा धक्क्यांची केंद्रे अगदी उथळ असल्याचे दिसले. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीच्या परिसरात जमिनीतून आवाज येत असल्याने लोक घाबरले होते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ महत्तेचे धक्के नांदेडमध्येही जाणवले.

असा धक्का बसला की गावातल्या ग्रुपवर अफवांचा पूर येतो. त्याऐवजी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे 'भूकंप' हे अ‍ॅप उघडावे. भूकंपाची वेळ, केंद्र, खोली आणि महत्ता तिथे येते आणि आपल्याला काय जाणवले तेही नोंदवता येते. सप्टेंबर २०२३ पासून भारतातल्या अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा देण्याची सोयही सुरू झाली आहे. एकाच भागातल्या अनेक फोनमधले हालचाल टिपणारे सेन्सर एकदम हलले की त्यावरून भूकंप ओळखला जातो. भूकंप होणार हे आधी कोणताही फोन सांगत नाही. सुरू झालेल्या भूकंपाचा जोरदार हादरा आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी मिळाले तर काही सेकंद मिळतात, इतकेच.

नोंद ठेवणारे हवेत

अ‍ॅपमधल्या नकाशांत जी माहिती आहे, ती कुणीतरी उन्हातान्हात चालून, दगड फोडून गोळा केलेली आहे. पण तीही जमिनीच्या वरच्या भागाची. खालची माहिती या दोन जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात बाहेर येते आणि वाऱ्यावर जाते. बोअरची गाडी एकेक रॉड खाली सोडते, तशी वेगवेगळ्या रंगांची भुकटी बाहेर पडते. करडी, काळी, विटकरी, पांढऱ्या ठिपक्यांची. मालक आणि बोअरवाला दोघेही तिच्याकडे टक लावून पाहतात, पाणी लागले की नाही एवढे ठरवतात आणि भुकटी तिथेच विखरून जाते. किल्लारीतल्या एका छिद्राने जे शिकवले त्यासाठी संशोधन संस्थेला मोठा खर्च करावा लागला. गावोगावच्या बोअरनी तेच थोडे थोडे शिकवले असते, पण कुणी लिहून ठेवले नाही.

म्हणून लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांना, शिक्षकांना आणि भूगोल शिकणाऱ्या मुलांना एक विनंती. गावात पुढचे बोअर किंवा विहीर खोदली जाईल तेव्हा तिथे वही घेऊन उभे राहा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. किती फुटांवर कोणत्या रंगाचा आणि कसा दगड लागला, पाणी किती फुटांवर लागले आणि तारीख कोणती, एवढे लिहा. दर थराची मूठभर भुकटी पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहा. वहीची एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत. पुढच्या दुष्काळात बोअर घ्यायचे की नाही, कुठे आणि किती खोल, हे ठरवताना गावाला त्या वहीचा उपयोग कोणत्याही अ‍ॅपपेक्षा जास्त होईल.